९५ लाखांची ऑफर आणि त्या रात्रीची तयारी

कोथरूडचा आमचा टू बीएचके विकायला काढला तेव्हा अपेक्षा ९२ लाखांची होती. दोन महिने लोक यायचे, गॅलरीतून खाली बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. मग एक एजंट थेट ९५ घेऊन आला. टीपॉयवरची कुणाची तरी लग्नपत्रिका उलटी करून त्याने हिशोब मांडला: ७५ चेकने, २० रोख; १५ मिळाले की ताबा, बाकी लोनचे चार महिन्यांत. मी ९५कडेच बघत बसलो. खालच्या ओळी बायकोने वाचल्या.

तुमच्याकडे अशी ऑफर आली तर होकार-नकार दोन्ही थांबवा आणि आधी फ्लॅटचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, भाव काढा. आमचा ८४ लाख निघाला, आणि तिथेच निम्मी गंमत संपली. करारात ७५ लिहिले तरी खरेदीदाराला स्टॅम्प ड्युटी ८४वरच बसते. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की आयकर खातं आपली विक्रीही ८४ची धरतं, आणि वरच्या ९ लाखांवर खरेदीदाराकडूनही कर मागतं. म्हणजे रोखीमुळे माझा कर वाचणार तो ८४ ते ९५मधल्या ११ लाखांवर. भांडवली नफ्यावरच्या साडेबारा टक्क्यांनी १,३७,५०० रुपये, सेस वेगळा. उलट घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, तोही घेणाऱ्याला. शिवाय पुढचं घर घ्यायचं असेल तर हे २० लाख तिथेही रोखीतच खपवावे लागणार. दुसरं घर घेऊन भांडवली नफ्याची सूट मिळवणार असाल तर मुळात लपवायचं कशासाठी? हा आकडा कागदावर मांडून घरातल्या सगळ्यांना दाखवा, विशेषतः "आजकाल सगळेच घेतात" म्हणणाऱ्या काकांना.

मग खरेदीदार कोण ते विचारा. एजंट नव्हे, ज्याच्या नावावर घर होणार तो माणूस. पॅन आणि आधार मागा. "करार मी सांगेन त्याच्या नावावर करू" असं उत्तर आलं तर तो बहुधा आपल्या फ्लॅटला टोकन लावून पुढे गिऱ्हाईक शोधणार आहे. लोनचं मंजुरीपत्र बघताना ते नुसतं उत्पन्न बघून दिलेलं आहे की बँकेने आपल्या फ्लॅटची कागदपत्रं तपासून दिलेलं आहे, हे नीट वाचा. पहिल्या प्रकारच्या पत्रावर विसंबू नका.

टोकन चेकने किंवा बँकेतूनच घ्या. "चेक लगेच टाकू नका हं" म्हणाले तर ते टोकन धरूच नका. विसार पावतीवर, म्हणजे टोकनच्या पावतीवर, पूर्ण किंमत, साठेखत (विक्रीचा करार) कोणत्या तारखेपर्यंत नोंदवायचं आणि ती तारीख हुकली तर टोकनचं काय, हे तिन्ही हवं. तारीख नसलेल्या पावतीवर आमच्या एका शेजाऱ्यांचा फ्लॅट सात महिने अडकून पडला होता, तोही ५१ हजारांत.

कागद एका फाइलीत लावून ठेवा: मूळ करार आणि आधीच्या करारांची साखळी, इंडेक्स टू (करार नोंदल्याचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा महापालिकेचा दाखला), मिळकत कराची पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. घर वडिलांचं असेल तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकी वारसांशी आत्ताच बोला. समोरच्याला फक्त झेरॉक्स. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदार आपल्याला पैसे देतानाच एक टक्का कर, म्हणजे टीडीएस, कापतो, तो आपल्या पॅनवर जमा झाला का तेही बघायचं.

ताब्याचं मात्र काहीही ऐकू नका. "फर्निचरचं माप घ्यायचंय, सुतार मोकळा आहे, पैसे तर येतच आहेत." पंधरा लाखांत माणूस घरात शिरला की उरलेल्या रकमेची घाई त्याला राहत नाही, आणि त्याला बाहेर काढायला कोर्टात किती वर्षं जातील ते कुठल्याही वकिलाला विचारा. आम्ही उलटी ऑफर दिली: ९१, सगळे बँकेतून, शेवटची रक्कम खात्यात दिसल्यावर किल्ली. एजंट "पार्टीला विचारतो" म्हणाला. त्याच्याकडे एक जादा किल्ली होती, घर दाखवायला दिलेली. ती मी त्याच संध्याकाळी परत आणली.