हापूसच्या कलमांना कल्टार घालताना

पॅक्लोब्युट्राझॉल हे ट्रायझोल गटातलं कृत्रिम रासायनिक संयुग. बागायतदार त्याला कल्टार म्हणूनच ओळखतात. झाडात जिबरेलिन, म्हणजे वाढ घडवणारं संप्रेरक, तयार होण्याची क्रिया ते अडवतं. त्यामुळे पावसाळा सरताना फुटणारी पालवी आटोक्यात राहते आणि काडी मोहोरासाठी लवकर तयार होते. पण ते खत नव्हे. १० वर्षांखालची, रोगट किंवा पोसवण नसलेली कलमं सोडून द्या. खतं पावसाच्या सुरुवातीलाच देऊन झालेली हवीत.

घालायची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. मुसळधार पावसात नको, ओल असताना उघडीप बघून घाला. आधी झाडाखालचं रान बेणून काढा, नाहीतर औषध तणाची मुळंही ओढतात.

मात्रा झाडाच्या वयावर नाही, फांद्यांच्या विस्तारावर ठरते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. फांद्यांचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा टेप लावून मोजा आणि सरासरी काढा, तोच झाडाचा व्यास. दर मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे २५ टक्के तीव्रतेचं औषध ३ मिली. जास्त तीव्रतेच्या बाटल्याही मिळतात, म्हणून लेबल वाचून हिशेब करा. ८ मीटर व्यासाच्या कलमाला २४ मिली लागेल. बाटली नीट हलवा आणि ते ६ लिटर पाण्यात मिसळा.

बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध, म्हणजे या झाडाला बुंध्यापासून २ मीटरवर, गोल आखा. त्यावर पहारीने १० ते १२ सेंमी खोल ३० भोकं सारख्या अंतरावर पाडा. दोन भोकांत साधारण ४२ सेंमी येतं. प्रत्येकात २०० मिली द्रावण ओतून माती लोटा. कातळावर पहार अडली तर भोक थोडं सरकवा, पण संख्या कमी करू नका. औषध मातीत फारसं पसरत नाही, मुळांनी शोषल्यावरच वर चढतं. चार खड्ड्यांत सगळं ओतलं तर एका बाजूलाच मोहोर दिसण्याची शक्यता असते.

जास्त मात्रेने पेरं आखूड होतात, पानं झुपक्याने येतात आणि मोहोर दाटून बसतो. औषध जमिनीत बराच काळ टिकतं. म्हणून दरवर्षी घालण्याआधी नवी काडी तपासा. ती आखूड दिसली तर त्या कलमाला यंदा घालूच नका. हातमोजे वापरा आणि उरलेलं द्रावण विहीर-वहाळापासून लांब ठेवा.