वाढत्या अंगाचं धनुष्य घेऊ नका

जांबोटी, खानापूरकडची पोरं सुट्टीला घरी आली की हमखास मला गाठतात. "मामा, शिकारीचं धनुष्य घ्यायचंय. दहा-बारा हजारांत कुठलं येईल सांगा की ओ." मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, सव्वीस वर्षं झाली. धनुष्याचा धंदा माझा नव्हे. पण भाचीला आठवीत तिरंदाजीचं वेड लागलं आणि तिच्यामागं पळता पळता मीही त्यात गुंतलो. आता गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या बारा-पंधरा पोरांची धनुष्यं माझ्या हाताखालून गेलीत. प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आधी शिकारीचं. रानडुक्कर एका रात्रीत भाताचं काय करतं ते मला माहीत आहे. सासरवाडीचं उभं शेत सकाळी लोळलेलं मी पाहिलंय, सासऱ्यांचा चेहराही पाहिलाय. तरीसुद्धा आपल्या मनानं त्याला मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो, आणि शस्त्रांच्या यादीत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेत. खानापूरकडचं भीमगडचं जंगल तर २०११ पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकलं तरी गुन्हा होतो. पिकाची नुकसानभरपाई वनखात्याकडं अर्ज करून मागायची. धनुष्य घ्यायचं ते निशाणासाठी.

मात्र 'हंटिंग बो' म्हणून जे विकतात, त्यातलंच एक आपल्या उपयोगाचं आहे. लाकडी मुठीचं, तीन तुकड्यांत सुटणारं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य. मधे मूठ, म्हणजे रायझर, आणि वर-खाली बोल्टनं आवळलेले दोन वाकणारे हात, म्हणजे लिम्ब. कमी पैशात नवशिक्याला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही, कारण पुढं जोर वाढवायचा झाला तर नुसते लिम्ब बदलता येतात, मूठ तीच राहते. त्याचा जोर, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारी ताकद, तेवढा शिकारीचा नको. तो पौंडांत मोजतात. परदेशात हरणामागं जाणारे लोक चाळीस पौंड आणि त्यावरची धनुष्यं वापरतात. जाहिरातीत तेच आकडे असतात आणि आपली पोरं तेच मागवतात.

मीही तेच केलं. पहिलं धनुष्य मागवताना माझ्या डोक्यात शाळेचा गणवेश होता. आपण पोरांना सगळं वाढत्या अंगाचं घेतो, बाह्या दुमडल्या की दोन वर्षं निघतात. म्हटलं, पोरगी वाढणार, चाळीस पौंडी घेऊ, एकदाच काय ते पैसे जातील. विकणाऱ्यानं फोनवर "चालेल की" म्हणून सांगितलं. पहिल्या आठवड्यात ती गप्प राहिली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "मामा, खांदा भरून यायलाय की ओ." मी तिला बाजूनं उभं राहून पाहिलं. दोरी ओढताना ती अख्खी मागं झुकत होती, डावा खांदा कानाला लागत होता आणि दोरी हनुवटीपर्यंत यायच्या आतच बाण सुटत होता. तिचा नेम वाईट नव्हता. ती धनुष्याशी झुंजत होती, आणि त्या झुंजीत लागलेल्या सवयी मोडायला पुढं आठ महिने गेले. ते आठ महिने माझ्यामुळं वाया गेले, हे मला अजून टोचतं.

म्हणून जोर आज झेपेल तेवढाच घ्या. दुसऱ्या कुणाचं धनुष्य मागून घ्या आणि मुलाला खुर्चीवर बसवून, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून पूर्ण ओढायला लावा. मग उभं राहून, ओढून दहा आकड्यांपर्यंत धरायला सांगा. हात थरथरला तर ते धनुष्य त्याचं नाही.

लिम्बवर लिहिलेला आकडा प्रत्येकाला लागू होत नाही, हेही विकणारे सांगत नाहीत. तो २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी मुठीपासून तेवढी मागं ओढल्यावरचा असतो. आपली ओढ काढायची तर भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. भाचीचं माप तेव्हा ६१ इंच होतं, म्हणजे ओढ साडेचोवीसच्या आसपास. एक इंच ओढ कमी झाली की साधारण दोन पौंड जोर उतरतो. त्यामुळं चाळीस पौंडी धनुष्य तिच्या हातात तेहेतीस पौंडांचं होतं. पंधरा किलो झाले! तेरा वर्षांच्या पोरीनं एका वेळी साठ-सत्तर वेळा पंधरा किलो ओढायचे. हे मी आधी मोजायला पाहिजे होतं. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीच्या मध्यावर अडकवा, मूठ दुसऱ्याला घट्ट धरायला सांगा आणि आपल्या ओढीइतकं खेचून आकडा वाचा. किलोला २.२ नं गुणलं की पौंड. दुसरं धनुष्य मी २२ पौंडी घेतलं, तिच्या ओढीला पंधरा पौंड, सात किलोच्या आत. त्यावर ती हसायला लागली.

लांबी हा दुसरा मुद्दा. आखूड धनुष्य ओढलं की दोरीचा कोन टोकदार होतो आणि बोटं चिमटतात. २४-२५ इंच ओढीला ६२ ते ६६ इंचांचं धनुष्य पुरतं, मोठ्या माणसाच्या २८ इंच ओढीला ६८. आणि उजवं-डावं नीट विचारून घ्या. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचं धनुष्य डाव्या हातात धरलेलं असतं, पण त्याला 'उजवं' म्हणतात. त्यातही हातापेक्षा डोळा बघायचा. दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीत दिसत राहते तो जोरकस डोळा, आणि धनुष्य त्या बाजूचं घ्यायचं.

कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, सगळ्या पोरांना हवं असतं. २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं कंपाउंडमध्येच सोनं आणलं, आणि २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय. पोरांची हौस मला कळते. पण त्याची ओढ चाकावर बसवलेली असते, मूल वाढलं की चाकाची जुळणी बदलावी लागते, दोरी बदलायला दाबयंत्र लागतं, सोडायला वेगळा ट्रिगर लागतो. बारा हजारांत जे कंपाउंड येतं त्यावर मी एक रुपया घालणार नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तो रिकर्व्हवर. हेही पोरांना सांगत जा. अगदीच हात आखडता असेल तर बांबूचं देशी धनुष्य घ्या. इंडियन राउंड म्हणून त्याची वेगळी स्पर्धा असते, पन्नास आणि तीस मीटरवर, आणि शाळेतली कितीतरी मुलं तिथूनच सुरू होतात.

आता बाण. इथं मी जास्त वेळ घेणार, कारण पैसे वाचवायला लोक इथंच कात्री लावतात. धनुष्य साधं असलं तरी चालतं. सहा बाण एकमेकांसारखे नसले तर निशाणावर काय चुकलं, आपण की बाण, ते कधीच कळत नाही.

बाण सुटताना मुठीला वळसा घालून जातो, त्यासाठी तो ठरावीक लवायला हवा. त्या लवचिकतेला स्पाइन म्हणतात. गंमत अशी की आकडा मोठा तितका बाण मऊ. बाजारात स्वस्तातले कार्बन बाण मिळतात ते बहुतेक ५०० चे, म्हणजे जोरदार धनुष्यासाठी कडक. पंधरा-वीस पौंडांचं धनुष्य ओढणाऱ्या पोराला हजार किंवा त्याहून मऊ लागतात. कडक बाण उजव्या हातानं सोडणाऱ्याचा डावीकडं जातो. पोरगं बिचारं नेम उजवीकडं सरकवत बसतं आणि कोच ओरडतो.

स्पाइन मोजणं माझ्या हातचं होतं. २८ इंच अंतरावर दोन व्ही-ब्लॉक, म्हणजे खाचेचे लोखंडी ठोकळे, ठेवले, त्यावर न कापलेला बाण आडवा टाकला आणि बरोबर मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगलं. वजन म्हणजे एका पिशवीत नट भरून काट्यावर मापलेले. बाण किती इंच खाली वाकला ते डायल गेजवर, म्हणजे बारीक अंतर दाखवणाऱ्या काट्यावर, वाचलं आणि हजारनं गुणलं. अर्धा इंच वाकला तर ५००, एक इंच वाकला तर १०००. तुमच्याकडं डायल गेज नसेल तर मागं पट्टी उभी करा, तेवढं पुरतं. मी एकदा एका डझनातले सगळे बाण असे तपासले. एकाच खोक्यातले, एकाच आकड्याचे म्हणून विकलेले, पण दोन वेगळेच वाकले. ते दोन बाजूला काढले आणि उरलेले दहा निशाणावर एकमेकांच्या एकदम जवळ लागायला लागले.

कापायच्या बाबतीत माझी एक चूक सांगतो. पहिले कार्बन बाण मी हॅक्सॉनं कापले. कडेचे तंतू फुटले आणि पहिल्याच दिवशी एक बाण टोकाकडून चिरला. कार्बनला वेगानं फिरणारी घासचकतीच लागते, तोंडाला मास्क बांधून. आणि आखूड कापू नका. पूर्ण ओढल्यावर बाण रेस्टच्या, म्हणजे मुठीवर तो टेकतो त्या आधाराच्या, पुढं दीड-दोन इंच राहिलाच पाहिजे. बाण रेस्टवरून मागं घसरला तर सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. रोज सुरुवातीला प्रत्येक कार्बन बाण कानाजवळ धरून हलकासा वाकवा. कुरकुर ऐकू आली तर तो मोडून टाका, कचऱ्यातही सबंध टाकू नका, कुणी पोर उचलेल. शिकारीची पात्यांची टोकं किटबरोबर फुकट मिळाली तरी घेऊ नका. निशाणाची गादी फाडतात आणि उपसताना बोट.

बाकीच्या सामानातलं बरंच घरी होतं. हाताचं कवच आणि बोटाचा टॅब, म्हणजे दोरी ओढताना बोटांवर घ्यायचा कातड्याचा तुकडा, मी निपाणीच्या एका चप्पल करणाऱ्या काकांकडून कापून आणला. कवचाला तळाचं कडक कातडं चालतं. टॅबला मात्र त्यांनी मला मऊ, दोनेक मिलिमीटरचं काढून दिलं, आणि दोरीकडची बाजू गुळगुळीत हवी हे मी सांगायच्या आत त्यांनीच हेरलं. "दोरी घासायला नको न्हवं?" म्हणाले. दोघांचे मिळून साडेतीनशे झाले.

स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायची पट्टी, ही मात्र विकतच घ्या. पायात अडकवून धनुष्य वाकवायची जी पद्धत गावोगाव दिसते, त्यानं लिम्ब पिळतात. दोरी धनुष्याच्या लांबीपेक्षा चार इंच आखूड लागते, ६२ ला ५८. साध्या लाकडी धनुष्यावर डॅक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणणाऱ्या धाग्याची, दोरी घाला. न ताणणाऱ्या नव्या धाग्याच्या दोऱ्या मजबूत टोकांच्या लिम्बसाठी असतात, साध्याची टोकं त्या खातात. दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर साडेसात ते साडेआठ इंचांत, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर ठेवा. कमी पडलं तर दोरीला पीळ द्या.

साइट (नेमाची खूण), स्टॅबिलायझर (तोल साधणारी दांडी), क्लिकर (ओढ पुरी झाली की टिक वाजणारी पट्टी), यातलं पहिल्या वर्षी काही नको.

माझा त्या वेळचा हिशोब असा. भिशीचे बारा हजार होते. धनुष्य ७,४००, सहा बाण २,४००, जादा दोरी ४००, स्ट्रिंगर ३००, कातड्याचं काम ३५०, चिकटवायचं रेस्ट १५०, नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत बसणारी खाच), गोंद आणि मेण ४००. सहाशे उरले. ते मी पहिली नॉक फुटेपर्यंत तसेच ठेवले.

जुनं धनुष्य मिळत असेल तर सोडू नका, पण कापसाचा बोळा खिशात घेऊन जा. दोन्ही लिम्बवर, पुढं-मागं, हलक्या हातानं फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं फायबरचा तंतू उचललाय. मग दोरी चढवून मागून एका डोळ्यानं बघा, दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून गेली पाहिजे. एका बाजूला गेली तर लिम्ब पिळलेत. पैसे परत खिशात. आणि बघताना कुणालाही बाणाशिवाय दोरी सोडू देऊ नका. तो सगळा जोर लिम्बमध्येच फुटतो.

निशाणाची गादी आम्ही वडगावात केली. मागावरचा वाया गेलेला धागा आणि चिंध्या तिथं पोत्यानं मिळतात. सिमेंटच्या पोत्यात त्या पायानं दाबून दाबून भरल्या. बटणं, चेन, हूक आधी वेचून काढावे लागतात, नाहीतर बाणाचं टोक मोडतं. चार पोती रचून काथ्यानं आवळली. भाताचं पिंजर स्वस्त खरं, पण पावसात कुजतं आणि उंदीर येतात. गादीमागं मातीचा उंच बांध किंवा जुनी चिरेखाण हवी, नुसतं कुंपण चालत नाही. सगळ्यांनी एका रेषेवर उभं राहायचं, सगळ्यांचे बाण संपल्यावर एकदम आणायला जायचं, आणि वर आभाळात बाण सोडणाऱ्या पोराचं धनुष्य त्या दिवशी काढून घ्यायचं. मी घेतो, रडलं तरी.

सुरुवात दहा मीटरवरून. सहाही बाण ताटाएवढ्या जागेत आले की पाच मीटर मागं.

आपल्याकडचा पाऊस धनुष्याला सोसत नाही. जूनमध्ये दोरी उतरवून, पुसून, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. भिंतीला तिरकं टेकवलं की वाकतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही नको, लिम्बचे थर सुटतात. खंडेनवमीला आम्ही ते लेथच्या चकशेजारी ठेवून पूजतो, फुलाचं पाणी पुसून मग परत खुंटीवर. भाची आता २८ पौंडावर गेली. तिचे २२ चे लिम्ब आधी शेजारच्या पोरीनं वापरले, सध्या ते नंदगडच्या एका पोराकडं आहेत.