हळदीनंतर, मेकअपआधी: नवरीच्या चेहऱ्याची तयारी कशी करावी

लग्नाच्या दिवशी नवरीचा मेकअप सकाळी लवकर सुरू होतो आणि उतरतो तो रात्री, पाठवणी आणि गृहप्रवेश आटोपल्यावर. मधल्या दहा-बारा तासांत होमाचा धूर, व्हिडिओच्या दिव्यांची उष्णता, घाम, डोळ्यांतले पाणी आणि आप्तांच्या गळाभेटी हे सगळे तो चेहरा सोसत असतो. अशा वेळी मेकअप टिकेल की दुपारच्या पंगतीआधीच नाकाच्या कडेने भेगाळेल, हे फाउंडेशनच्या किमतीपेक्षा त्याखालच्या त्वचेवर अधिक अवलंबून असते. आपल्याकडे या त्वचेला मेकअपआधी हळदीतूनही जावे लागते आणि हळद व मेकअप यांच्यात कित्येकदा काही तासांचेच अंतर असते. म्हणून नवरीच्या चेहऱ्याची तयारी एरवीच्या मेकअपपूर्व तयारीपेक्षा थोडी वेगळ्या रीतीने आखावी लागते.

महिनाभर आधी काय करावे

त्वचेच्या वरच्या थरातील पेशी खालून वर येऊन झडून जाण्यास साधारणपणे चार आठवडे लागतात आणि वय वाढते तसा हा काळही वाढतो. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी किंवा फळांची आम्ले असलेले एखादे उत्पादन वापरून रंगपोत सुधारावा असे वाटत असेल, तर ते लग्नाच्या दीड-दोन महिने आधी सुरू करावे. शेवटच्या महिन्यात मात्र कोणतेही नवे उत्पादन चेहऱ्यावर आणू नये, मग ते मैत्रिणीला कितीही मानवलेले असो. ज्या क्रीमची त्वचेला सवय आहे तीच साधी क्रीम नेमाने लावणे हीच या काळातील खरी निगा होय.

नवे काही आणणे अपरिहार्यच असेल, तर कोपराच्या आतल्या बाजूस ते दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही तरच ते चेहऱ्यावर न्यावे. मेकअप आर्टिस्ट वापरणार असलेले फाउंडेशन आणि प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा थर) यांचीही चाचणी याच काळात करून घ्यावी.

येथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. लग्न ठरले की घरातले कोणीतरी ‘उजळपणाची’ म्हणून औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणून देते. अशा अनेक ट्यूबांमध्ये मोमेटासोन किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. पहिल्या काही दिवसांत चेहरा खरोखरच उजळ आणि नितळ दिसतो, आणि घात होतो तो तिथेच. वापर लांबला की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, आणि ट्यूब एकदम थांबवली की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांच्या विक्रीला डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली ती याच कारणाने. अशी ट्यूब आधीच वापरात असेल, तर ती मनाने बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून टप्प्याटप्प्याने सोडावी. जो रंग जन्मतः आहे त्यावरच सुरेख मेकअप होतो. त्यासाठी त्वचा रोगट करून घेण्याचे काही कारण नाही.

शेवटचा आठवडा

ज्या फेशियलमध्ये ब्लॅकहेड्स दाबून काढले जातात, ते लग्नाच्या किमान आठ दिवस आधी उरकावे, कारण दाबलेल्या जागी आलेली सूज आणि खपली उतरण्यास तेवढा अवधी लागतो. चेहऱ्याचे वॅक्सिंग करायचे असल्यास रेटिनॉल आणि आम्लयुक्त उत्पादने त्याच्या आधी आठवडाभर बंद ठेवावीत, नाहीतर मेणासोबत त्वचेचा पापुद्राही निघून येतो. थ्रेडिंग आणि वॅक्सिंग लग्नाच्या तीन-चार दिवस आधी व्हावे. हळदीच्या दिवशीच भुवया कोरून घेण्याची घाई अनेक जणी करतात. त्या ताज्या, उघड्या रंध्रांवर हळद आणि तेल बसले की बारीक पुरळ उठते.

मुरूम आलाच तर तो फोडू नये. लाल, उंच मुरूम कन्सीलरखाली झाकता येतो, पण फुटून खपली धरलेला मुरूम कोणत्याही थराखाली लपत नाही. रात्री त्यावर मुरुमांसाठी मिळणारी हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी लावून झोपावे.

हळद उतरवण्याची रीत

सर्वाधिक चुका होतात त्या या टप्प्यावर. हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात मात्र त्याहून बरेच अधिक विरघळते. शिवाय क्षारधर्मी पदार्थाशी गाठ पडली की हळद लालसर होते, आणि हळदीपासून कुंकू तयार होते ते याच गुणावर. अंगाचा साबण क्षारधर्मी असतो. त्याचा पीएच (आम्ल-क्षारतेचे माप) बहुधा 9 ते 10 असतो, तर निरोगी त्वचेचा 5च्या आसपास. म्हणजे हळदीच्या चेहऱ्यावर साबण घासला की पिवळेपणा निघत तर नाहीच, उलट तांबूस छटा येते, त्वचेचा नैसर्गिक स्निग्धपणा वाहून जातो आणि घासल्यामुळे गाल लाल होतात. त्या कोरड्या, चिडलेल्या त्वचेवर सकाळी फाउंडेशन लावले की ते ठिकठिकाणी पापुद्र्यासारखे उभे राहते.

योग्य रीत अशी. वाळलेल्या हळदीचा लेप आधी कोमट पाण्याने भिजवून, न ओरबाडता हातानेच सोडवावा. नंतर चेहरा टिपून चमचाभर तिळाचे तेल किंवा क्लेंझिंग ऑइल हातावर घेऊन ते मिनिटभर हलक्या हाताने चोळावे. तेलात पिवळा रंग उतरू लागला की मऊ, ओल्या सुती कापडाने ते पुसून घ्यावे, आणि गरज भासल्यास हे एकदा पुन्हा करावे. खोबरेल तेलही चालते, पण ज्यांना मुरुमांचा त्रास आहे त्यांच्या चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवू शकते, म्हणून अशांनी ते टाळावे. शेवटी सौम्य, साबणविरहित फेसवॉशने तेलाचा अंश धुऊन काढावा. केसांच्या कडेला, कानांमागे आणि नाकपुड्यांच्या खाचांत हळद राहून जाते. तेथे तेलात बुडवलेला कापूस फिरवावा.

एवढे करूनही थोडी पिवळी झाक उरली, तर ती राहू द्यावी. बेसन, लिंबू किंवा खाण्याचा सोडा घेऊन ती घासून काढण्याचा मोह टाळावा. लिंबाच्या तीव्र आम्लाने आणि सोड्याच्या क्षाराने होणारी जळजळ मेकअपच्या खुर्चीत बसल्यावरच जाणवते आणि तेव्हा करण्यासारखे काही उरत नाही. ती झाक उजेडात हळूहळू फिकी पडते आणि फाउंडेशनखाली दिसतही नाही. मात्र फाउंडेशनची छटा निवडताना तिच्यामुळे फसगत होते. पिवळी झाक असलेल्या गालाशी जुळवलेली छटा चार दिवसांनी फोटो पाहताना परकी वाटते, म्हणून छटेची निवड हळदीच्या आधी, दिवसाच्या उजेडात, जबड्याच्या रेषेवर लावून करून ठेवावी.

हळद त्याच सकाळी असेल, तर चेहऱ्यावर लेप न माखता दोन्ही गालांना आणि कपाळाला बोटभर लावावी अशी विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच करून ठेवावी. हातापायांना, दंडांना मनसोक्त लावली तरी विधीत काही उणे राहत नाही.

मेकअपच्या सकाळी: थर आणि त्यांमधला वेळ

मेकअप आर्टिस्ट येण्याच्या सुमारे पाऊण तास आधी पुढील क्रम सुरू करावा. यात लावायच्या वस्तू थोड्या आहेत, द्यायचा वेळ अधिक आहे.

1. कोमट पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने चेहरा, मान आणि ब्लाउजच्या गळ्यातून दिसणारी पाठ धुवावी. गरम पाणी घेऊ नये. चेहरा टॉवेलने पुसू नये, टिपावा, आणि किंचित ओलसर ठेवावा.

2. रात्रभराच्या जागरणाने डोळ्यांखाली सूज असेल, तर थंड पाण्यात भिजवून पिळलेले कापड काही मिनिटे डोळ्यांवर ठेवावे. बर्फ थेट त्वचेवर फिरवू नये. तो नेहमी कापडात गुंडाळलेला असावा.

3. त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवतात, सिरामाइडयुक्त क्रीम ते उडू देत नाही. तेलकट त्वचेला पाण्यासारखे हलके जेल पुरते, कोरडीला दाट क्रीम लागते. पण तेलकट त्वचेवर काहीच लावायचे नाही हा समज चुकीचा आहे, कारण पाणी कमी पडलेल्या त्वचेवरही फाउंडेशन डागाडागांनी बसते.

4. आता थांबावे. किमान दहा मिनिटे काहीही लावू नये. बोटाचे टोक गालाला लावून उचलले असता ते चिकटले नाही, म्हणजे हा थर बसला असे समजावे.

5. लग्न दिवसा असेल आणि उघड्यावर फोटो व्हायचे असतील तर किमान एसपीएफ 30चे, यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्ही अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे सनस्क्रीन लावावे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीभर पिळलेले सनस्क्रीन चेहरा व मान यांना पुरते. त्याहून कमी लावल्यास लिहिलेले संरक्षण मिळत नाही. त्यानंतर पुन्हा पंधरा मिनिटे थांबावे.

6. प्रायमर सर्वात शेवटी, मटारच्या दाण्याएवढा, आणि फक्त जेथे लागतो तेथे: नाकाच्या बाजूला, कपाळाच्या मध्यभागी, हनुवटीवर.

गोरज मुहूर्त असेल आणि कार्यालयातच सारे विधी व्हायचे असतील, तर पाचवी पायरी गाळावी असे माझे मत आहे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरट छटा आणतात, आणि सूर्य मावळल्यावर त्यांचा उपयोगही नसतो.

कित्येकदा प्रायमर किंवा फाउंडेशन चोळताना मळासारख्या बारीक वळ्या निघतात. याची कारणे दोन. एक तर खालचा थर सुकण्याआधी वरचा लावलेला असतो, किंवा पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या उत्पादनावर सिलिकॉनचा दाट थर आलेला असतो आणि दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन असेल, तर तो प्रायमर सिलिकॉनचा समजावा. त्यावर सिलिकॉनयुक्त फाउंडेशनच सहसा नीट बसते. वळ्या निघाल्याच तर त्यांवर आणखी चोळू नये. तेवढा भाग ओल्या कापसाने स्वच्छ करून, पुन्हा पातळ मॉइश्चरायझर लावून, तेथून पुढे थापत जावे.

हवा पाहून बदल

वैशाखातले कोकणातले लग्न आणि मार्गशीर्षातले पुण्यातले लग्न यांना एकच पाठ चालत नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या दमट हवेत घाम उडून जात नाही, चेहऱ्यावरच साचतो. तेथे मॉइश्चरायझर निम्मे घ्यावे, डोळ्यांखालची दाट क्रीम पूर्ण टाळावी, कारण तिच्यामुळे काजळ खाली उतरते, आणि जवळ टिपकागद ठेवावेत. घाम पुसायचा नाही, टिपायचा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हवा त्वचेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे नुसते हायल्युरॉनिक आम्लाचे सीरम लावून थांबू नये. त्यावर क्रीमचा थर हवाच. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ओठांच्या आणि नाकाच्या कडा आधी फुटतात, म्हणून आठवडाभर रात्री तेथे पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून झोपावे.

टिकली, मुंडावळ्या आणि ओठ

कपाळावर मुंडावळ्यांची दोरी तासन्‌तास घासते आणि तेथील मेकअप सर्वात आधी निघतो. ती रेषा ठाऊक असते, म्हणून केसांच्या कडेला मॉइश्चरायझर अगदी नाममात्र ठेवावे. चंद्रकोर टिकली लावायची जागा तर पूर्ण कोरडी, तेलविरहित असावी, अन्यथा ती सप्तपदीआधीच सुटते. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन असते. त्याने काहींच्या कपाळावर खाज आणि पुढे पांढरा डाग येतो. पूर्वी टिकलीने कधी खाज सुटली असेल, तर चंद्रकोर कुंकवाने किंवा आयलायनरने काढून घेणे सुरक्षित.

ओठांना लिप बाम पहिल्या पायरीलाच लावून ठेवावा आणि लिपस्टिकच्या आधी तो टिपून काढावा. बामवर लावलेली लिपस्टिक पसरते. नथीच्या दाबाने नाकपुडीवर वळ उठत असेल, तर ती प्रायमरनंतर एकदा घालून पाहावी आणि तार आधीच सैल करून घ्यावी.

मेकअप आर्टिस्ट खुर्चीजवळ आल्यावर, सकाळपासून चेहऱ्यावर काय काय आणि किती वाजता लावले आहे, हे क्रमाने सांगावे. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन आधीच झालेले आहे हे ठाऊक नसेल, तर मेकअप आर्टिस्ट सवयीने तेच थर पुन्हा चढवतात.