हॉट योगाच्या पहिल्या वर्गाला जाताना

हॉट योगा म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीत केलेली आसनं. माझ्या पहिल्या वर्गात मी सोळाव्या मिनिटाला खाली बसले. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, म्हणून मिनिट लक्षात राहिलं. पादहस्तासनातून वर आले, समोरचा आरसा आधी पिवळसर झाला, मग डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या मॅटवर माझी वहिनी होती. तिने हाताला धरून खाली बसवलं आणि हळूच म्हणाली, "वन्सं, बसा. इथे बसलं तर चालतं."

त्याआधी अकरा वर्षं मी नियमित आसनं करत होते. आसनं येतात म्हणजे हा वर्गही जमेल, असं मी धरून चालले होते. ते चुकीचं होतं. उष्णता सोसणं हे वेगळंच शिकणं आहे, आणि ते शरीराला पहिल्या दिवसापासून शिकावं लागतं, मग तुम्ही नवखे असा की जुने. पहिल्या वर्गात एकच काम करायचं: त्या खोलीत शांत श्वासाने शेवटपर्यंत राहायचं. आसनं जेवढी होतील तेवढी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी विचारून घ्या

'हॉट योगा' या एका नावाखाली बरेच वेगवेगळे वर्ग चालतात. सगळ्यांत ठरीव प्रकार २६ आसनं आणि श्वासाच्या २ क्रियांचा. वर्ग ९० मिनिटांचा, खोली १०५ अंश फॅरनहाइटला तापवलेली, म्हणजे साधारण ४०.५ अंश सेल्सियस, आणि हवेत ४० टक्के आर्द्रता. हा क्रम कोलकात्याहून अमेरिकेत गेलेल्या बिक्रम चौधरी यांनी १९७०च्या दशकात लॉस एंजेलिसमधून पसरवला. त्यांचे गुरू बिष्णुचरण घोष. या आसनक्रमावर कुणाचा कॉपीराइट असू शकत नाही, असा निकाल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. चौधरींवरच्या गंभीर आरोपांमुळेही अनेक वर्गांनी त्यांचं नाव काढून टाकलं. म्हणून आता तोच क्रम 'हॉट २६' किंवा '२६ आणि २' या नावाने दिसतो.

दुसरा प्रकार विन्यासाचा. तिथे आसनं एकातून दुसऱ्यात वाहत जातात, खोली बहुधा ३२ ते ३८ अंशांची असते आणि वर्ग तासाभराचा. काही ठिकाणी हवा तापवण्याऐवजी इन्फ्रारेड पॅनल लावलेले असतात. ती उष्णता अंगावर थेट येते आणि हवा तुलनेने कोरडी राहते.

फोनवर चार गोष्टी विचारा: तापमान किती, आर्द्रता किती, वर्ग किती वेळाचा आणि नवख्याला चालेल का. यातला आर्द्रतेचा प्रश्न लोक हमखास विसरतात. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळला की थंड होतं. दमट खोलीत घाम वाळत नाही, नुसता ठिबकत राहतो. म्हणून ३५ अंशांची दमट खोली ३८ अंशांच्या कोरड्या खोलीपेक्षा जड जाऊ शकते.

निवड करायची असेल तर पहिल्यांदा तासाभराचा, कमी तापमानाचा वर्ग घ्या. एक गोष्ट मात्र ठरीव क्रमाच्या बाजूने सांगायला हवी. तिथे दर वेळी तीच आसनं त्याच क्रमाने येतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला पुढे काय येणार ते ठाऊक असतं. ज्यांना अनपेक्षित सूचनांनी गोंधळायला होतं, त्यांना हे फार उपयोगी पडतं.

डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

मी विचारलं होतं, "योगा केला तर चालेल ना?" उत्तर अर्थातच "हो" आलं. प्रश्नच चुकीचा होता. विचारायचं ते असं: "४० अंशांच्या दमट खोलीत दीड तास व्यायाम करू का?" आणि सोबत चालू औषधांची यादी दाखवायची. त्या सकाळी मी सर्दीसाठी ॲलर्जीची जुन्या पद्धतीची, झोप आणणारी गोळी घेतली होती. अशा गोळ्यांनी घाम कमी येऊ शकतो, हे मला वर्गानंतर कळलं. लघवी वाढवणारी औषधं, रक्तदाबावरचे बीटा ब्लॉकर, लिथियम आणि मानसिक आजारांवरची आणखी काही औषधं, यांचाही उष्णतेशी संबंध येतो. औषध मनाने बंद करू नका, फक्त विचारा.

गरोदर असाल, हृदयविकार असेल, आधी कधी उष्माघात झाला असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असेल, तर या वर्गाला जाऊ नका. साधी, नेहमीच्या हवेतली आसनं करा. ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबा. रक्तदाब मुळातच कमी राहत असेल, जसा माझा राहतो, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नका.

पाणी, जेवण, कपडे

पाणी आदल्या दिवसापासून नीट प्यायचं. वर्गाच्या दोन तास आधी अर्धा लिटर, मग लागेल तसे घोट. दारात उभं राहून बाटली रिकामी केली तर ते पाणी भुजंगासनात पोटात डुचमळतं. जेवण दोन-तीन तास आधी, हलकं. उपाशी मात्र जाऊ नका. 'योगा रिकाम्या पोटी' हे ऐकून मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि वर्ग संध्याकाळचा होता. अंधारी येण्यामागे गोळीइतकाच तोही वाटा असावा, असं मला वाटतं. आदल्या रात्री मद्य घेतलं असेल किंवा झोप झाली नसेल तर वर्ग पुढे ढकला.

सुती कपडे घामाने जड होतात आणि अंगाला चिकटतात. पातळ, लवकर वाळणारे, अंगाबरोबर ताणले जाणारे कपडे घाला. गुडघ्याखालपर्यंत येणारी विजार बरी, कारण गरुडासनात पायावर पाय वेढताना ओली कातडी कातडीवरून घसरते. अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका. कानातलं, साखळी, अंगठी घरीच ठेवा, धातू तापतो.

टॉवेल दोन हवेत. एक मॅटच्या पूर्ण लांबीचा, दुसरा तोंड पुसायला छोटा. मॅटवरचा टॉवेल सुरुवातीला कोरडा असतो तेव्हाच जास्त सरकतो. हात-पाय जिथे टेकणार तिथे आधी थोडं पाणी शिंपडा, पकड येते. ही युक्ती वहिनीची. शिवाय वर्गानंतरसाठी कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड घ्या, आतल्या कपड्यांसकट.

खोलीत

पंधरा मिनिटं आधी पोचा आणि शिकवणाऱ्यांना सांगा की आपला पहिलाच वर्ग आहे. काही दुखणं असेल तर तेही सांगा. जागा मागच्या ओळीत, दाराजवळ आणि हीटरपासून लांब घ्या. पुढच्या ओळीतला नेहमी येणारा माणूस दिसेल असं बसलात तर सूचना कळली नाही तरी बघून करता येतं. मग वर्ग सुरू होईपर्यंत उताणे पडून राहा. हृदय थोडं जलद धडधडायला लागेल. घाबरू नका. शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे जास्त रक्त पाठवत असतं, म्हणून हृदयाला जास्त काम पडतं.

अंधारी येण्याचं मूळही याच गोष्टीत आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या, रक्तदाब थोडा उतरलेला, आणि त्यात डोकं खाली नेऊन एकदम वर आणलं की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. म्हणून पुढे वाकण्याच्या प्रत्येक आसनातून वर येताना गुडघे किंचित वाकवा, हात मांड्यांवर टेका आणि डोकं सगळ्यांत शेवटी उचला. बाकीचे ताठ उभे राहून पुढच्या आसनाला लागले असतील, तरी तुम्ही तुमचा वेळ घ्या.

कुठे थांबायचं, हे मी श्वासावरून ठरवते. नाकाने श्वास सहज चालतोय तोवर आसन चालू. तोंड उघडून श्वास घ्यावा लागला की आसन सोडायचं, उभं राहायचं, चार-पाच श्वास शांतपणे घ्यायचे. तरी श्वास शांत होईना तर वज्रासनात किंवा मांडी घालून बसायचं. तेही जड वाटलं तर शवासनात पडून गुडघे उभे करायचे. अधूनमधून बसण्यात कमीपणा नाही. सतत येणारी माणसंही बसतात, आपलं लक्ष नसतं इतकंच.

दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो. उष्णतेत स्नायू सैल वाटतात आणि रोज घोट्यापर्यंत पोचणारे हात अचानक जमिनीला लागतात. तो आनंद मी ओळखते. पण सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध एकदा ताणले गेले की लवकर पूर्ववत होत नाहीत, आणि घामाच्या भरात दुखणं उशिरा जाणवतं. घरच्या हवेत जिथे थांबता, पहिले काही वर्ग इथेही तिथेच थांबा. मांडीच्या मागे, बैठकीच्या हाडापाशी टोचल्यासारखं झालं तर लगेच मागे या.

२६ आसनांच्या वर्गात उभी आसनं आधी, मग जमिनीवरची. शेवटाकडे उष्ट्रासन येतं. तोवर शरीर दमलेलं असतं आणि त्यात छाती उघडून मागे वाकायचं, म्हणून इथे बऱ्याच जणांना मळमळतं. काहींना रडू येतं. मला तिसऱ्या वर्गात आलं, कारण काही सापडलं नाही आणि नंतर फार हलकं वाटलं. पहिल्यांदा हात कमरेवर ठेवून अर्धंच करा, टाचा धरू नका.

काही वर्गांत खोली सोडू नका असं सांगतात. नुसतं नकोसं होत असेल तर ते ऐकावं, आतच पडून राहावं. पण डोकं ठणकायला लागलं, उलटीची भावना जाईना, पेटके आले, एवढ्या उकाड्यात अंगावर शहारे आले किंवा घाम येणं थांबलं, तर उठून बाहेर जा. परवानगी मागत बसू नका. शेजारचं कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा भ्रमिष्टासारखं वागू लागलं, तर तो उष्माघात असू शकतो. ताबडतोब बाहेर न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि वैद्यकीय मदत बोलवा.

वर्ग संपल्यावर

शवासन अर्धवट सोडून पळू नका. निदान पाच मिनिटं पडून राहा, कुशीवर वळून उठा. चक्कर पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवू नका.

घरी वजनकाटा असेल तर वर्गाआधी आणि नंतर वजन करा. कमी झालेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर गेलेलं पाणी, चरबी नव्हे. ते पुढच्या काही तासांत थोडं थोडं भरून काढायचं. एकदम लिटर-दीड लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन उलट त्रास होऊ शकतो. घामात मीठही गेलेलं असतं, तेव्हा ओआरएस घ्या किंवा नेहमीचं जेवण जेवा. घामातून शरीरातलं विष निघून जातं, असं वर्गात कुणी सांगेल. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना त्यासाठी पाणी लागतं.

मग उष्णतेत जायचंच कशाला? हा प्रश्न रास्त आहे. टेक्सासमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांनी २६ आसनांचा हाच क्रम १२ आठवडे ४०.५ अंशांत केला, काहींनी साध्या खोलीत. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यात सुधारणा दोन्ही गटांत दिसली. म्हणजे उष्णता झेपत नसेल तर तुमचं फार काही बुडत नाही. मी जाते, कारण त्या खोलीत माझं मन दुसरीकडे जातच नाही. पुढचा श्वास एवढंच उरतं. ज्यांना हे हवंसं वाटेल, त्यांनी जावं.

दुसरा वर्ग लगेच दुसऱ्या दिवशी नको, दोन-तीन दिवस जाऊ द्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवसांचा नियमित सराव लागतो. मग घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं, हृदय कमी धडधडतं. काही आठवडे खंड पडला की ही सवय मोडते, तेव्हा परत आल्यावर पुन्हा मागच्या ओळीत, दाराजवळ जागा घ्या. मी दुसऱ्या वर्गाला गेले तेव्हा जेवून गेले, डॉक्टरांना नीट विचारून गेले, तीनदा बसले आणि नव्वदाव्या मिनिटाला नाकाने श्वास घेत होते.