आबा दराची वाट बघतात: मोबाईलवर तीन मिनिटांचा सिनेमा कसा करावा

आमची हळद मार्केट यार्डात जाते त्या दिवशी घरात कुणी फारसं बोलत नाही. जूनच्या आसपास लावलेलं पीक, आठ-नऊ महिने रानात, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि शेवटी सगळा हिशेब सौद्याच्या काही मिनिटांत. गेल्या हंगामात मी आणि माझ्या अकरावीतल्या भाच्यानं त्या एका दिवसाचा तीन मिनिटांचा सिनेमा केला. हाताशी फक्त त्याचा मोबाईल होता. पहिला प्रयत्न फसला, दुसरा जमला. कॅमेरा, रंग, संकलन आणि संगीत ही चार हत्यारं सिनेमावाले कशी वापरतात, ते मला त्या दोन प्रयत्नांमधल्या फरकातून नीट कळलं. तुम्हालाही करून बघायचं असेल तर या क्रमानं करा.

आधी एक दृश्य पाच वेळा बघा

आवडत्या सिनेमातलं दोन-तीन मिनिटांचं एकच दृश्य निवडा. पहिल्यांदा नेहमीसारखं बघा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करा आणि कॅमेरा कुठं उभा आहे एवढंच शोधा: माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खाली जमिनीलगत की वर माळ्यावर? तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. संगीत नक्की कुठल्या क्षणी आलं आणि कधी निघून गेलं, ते कागदावर लिहा. चौथ्यांदा शॉट बदलला की टाळी वाजवा. टाळ्या कुठं जलद पडायला लागतात ते आपोआप ध्यानात येतं. पाचव्यांदा कपडे, भिंती, उजेड यांचे रंग बघा.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. तो टाळू नका. टाळ्या वाजवताना माझा भाचा एकदम थांबला आणि म्हणाला, "आत्या, ती रडायला लागल्यापासून एकपण टाळी नाही." दिग्दर्शकानं त्या बाईच्या चेहऱ्यावरून आपली नजर हलू दिली नव्हती. कुठं तोडायचं नाही हे ठरवणं हासुद्धा संकलनाचा भाग आहे, हे त्याला तिथंच समजलं.

सिनेमा एका वाक्यात लिहा

आमच्या पहिल्या प्रयत्नात यार्डातलं सगळंच होतं: गाड्या, हमाल, चहा, काटा, पोत्यांच्या थप्प्या. बघणाऱ्यांनी "छान आहे" म्हटलं आणि मोबाईल परत दिला. दुसऱ्या वेळी आम्ही वहीत एक वाक्य लिहिलं: "आबा दराची वाट बघतात." आबा म्हणजे माझे वडील. त्यानंतर प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारायचा, यात वाट बघणं दिसतं का? दिसत नसेल तर शॉट कितीही देखणा असो, तो गाळायचा. सांगलीच्या आयर्विन पुलावरचा सूर्योदय असाच गाळला. जीवावर आलं, पण गाळला.

तुमचं वाक्य चार-पाच शब्दांचं असू द्या आणि त्यात क्रियापद हवंच. "हळद बाजार" हा नुसता विषय झाला. "वाट बघतात" म्हटलं की कॅमेऱ्याला काय करायचं ते कळतं.

कॅमेरा: उंची, अंतर आणि थांबणं

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगते. मोबाईल आडवा धरा. सेटिंग हातानं बदलता येत असेल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळं या आकड्यांवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, म्हणजे मध्येच कुणी पांढरा सदरा घालून गेला तरी चित्र काळवंडणार नाही. झूम करू नका, चालत जवळ जा. तिकाटणं (ट्रायपॉड) नसेल तर पोत्यांची थप्पी आहेच. यार्डात शूटिंग करण्याआधी अडत्याला, हमालांना आणि ज्यांचे चेहरे दिसणार आहेत त्यांना विचारून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. कॅमेरा किती लांब उभा आहे यावरून बघणारा त्या माणसाच्या किती जवळ आहे ते ठरतं. लांबून घेतला तर माणूस जागेत हरवतो. आबा पोत्यांच्या डोंगराशेजारी उभे आहेत आणि चौकटीचा जेमतेम दहावा भाग त्यांनी व्यापलाय, असा शॉट आम्ही सुरुवातीला ठेवला. कॅमेरा खाली ठेवून वर बघितलं की समोरचा माणूस मोठा, वजनदार वाटतो, म्हणून व्यापाऱ्याला तसं टिपलं. आबांना मात्र कायम त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलं. वरून खाली बघणारा कॅमेरा माणसाला बापुडवाणं करतो, आणि माझा बाप बापुडवाणा नाही.

मग हातांकडे वळलो. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा सावध असतो, हात नसतात. आबा पोत्याच्या शिवणीतला सुतळीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होते. उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे. मी जवळ जाऊन तेवढंच घेतलं. "अगं, हातांचं काय काढतीयस?" म्हणून त्यांनी हात मागं घेतले, पण दोन मिनिटांत धागा पुन्हा बोटाला. ते बारा सेकंद आमच्या सिनेमातले सगळ्यात चांगले आहेत.

एक नियम पाळाच. दोन माणसं समोरासमोर असतील तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेघ ओढा आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूनं घ्या. आम्ही पहिल्यांदा ती ओलांडली होती. जोडल्यावर आबा आणि व्यापारी दोघंही एकाच दिशेला बघत असल्यासारखे दिसायला लागले.

रंग: पिवळा राखून ठेवा

पहिल्या प्रयत्नात आमची हळद फिक्कट दिसली. कारण साधं आहे. आपला डोळा उजेडाशी जुळवून घेतो, मोबाईलही स्वतःच्या हिशेबानं तेच करायला जातो. समोर पिवळ्याचा मोठा पट्टा दिसला की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो चित्रात निळा मिसळून टाकतो. उपाय म्हणजे पांढऱ्याचा मेळ (व्हाइट बॅलन्स) हातानं बसवून तो कुलूपबंद करायचा. दिवसाच्या उजेडाला साधारण 5500 केल्व्हिन, पिवळ्या बल्बखाली 3000 च्या आसपास. आकडे जमत नसतील तर काहीतरी पांढरं समोर धरून बघत बसवा. आम्ही आबांच्या टोपीवर बसवला.

हे झालं दुरुस्तीचं. रंगाचा खरा उपयोग पुढं आहे. सिनेमात रंग हप्त्याहप्त्यानं द्यायचा असतो. पहिल्याच शॉटला पिवळा ओतला की पुढं डोळ्याला त्याचं काही वाटत नाही. म्हणून आम्ही पहिल्या मिनिटात पिवळा येऊच दिला नाही. पहाटेचा निळसर उजेड, ट्रॉलीवरची निळी ताडपत्री, तागाची तपकिरी पोती, सिमेंटची जमीन. एका बाईंच्या पिवळ्या पदरामुळं एक चांगला शॉटही सोडून दिला.

मग पोत्याचं तोंड उघडतं. निळ्यासमोर पिवळा ठेवला की दोन्ही उठून दिसतात, हे रांगोळी काढणाऱ्याला सांगावं लागत नाही. उघडं पोतं आम्ही मुद्दाम ताडपत्रीच्या बाजूनं घेतलं. आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे व्यापारी हळकुंड उचलतो आणि मोडतो. वरून पिवळं दिसणारं हळकुंड आत गर्द केशरी असतं. तो केशरी सिनेमात एकदाच येतो, आबांच्या नऊ महिन्यांचा निकाल लागतो त्याच क्षणी. शंभर वेळा हळकुंड मोडताना बघितलंय, पण त्या दिवशी पडद्यावर बघताना माझ्या अंगावर काटा आला.

नंतर मोबाईलवर रंग सुधारताना हात आखडता ठेवा. चकाकी वाढवत नेली की माणसांची कातडी आधी बिघडते. म्हणून चेहऱ्याकडे बघत रंग लावा, हळद आपली आपण जागेवर येते.

संकलन: एकच चेहरा, तीन अर्थ

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव यांनी एक प्रयोग केला. एका नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट त्यांनी तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सूपचं भांडं, शवपेटीतली मुलगी, एक तरुणी. लोकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक, एकदा दुःख, एकदा ओढ दिसली. नटानं काहीच वेगळं केलं नव्हतं. अर्थ दोन शॉटच्या सांध्यात तयार झाला होता.

हे नुसतं वाचून सोडू नका, करून बघा. आम्ही आबांचा सात सेकंदांचा, काहीच न करणारा चेहरा घेतला. त्याच्यापुढं काटा जोडला तर ते वजन मोजताहेत असं वाटलं. हसणारे दोन व्यापारी जोडले तर ते अपमान गिळताहेत असं वाटलं. शेजाऱ्याची रिकामी झालेली ट्रॉली जोडली तेव्हा मात्र ते वाट बघताना दिसले. तीच ठेवली. पण यात एक जबाबदारीही आहे. व्यापाऱ्यांचं ते हसणं दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीवरचं होतं. ते तिथं जोडलं असतं तर आम्ही दोन माणसांवर खोटा आळ घेतला असता. तुमच्या सिनेमात खरी माणसं असतील तर सांधा जपून जोडा.

आता लयीचं बघू. आमच्या 180 सेकंदांत 31 शॉट आहेत. वाट बघण्याला 100 सेकंद आणि फक्त 11 शॉट. सौदा चालू होतो तिथं 40 सेकंदांत 16. सौदा संपल्यावर पुन्हा 40 सेकंद, त्यात 4. घड्याळ सारखंच चालतं, पण बघणाऱ्याला पहिली वाट लांबलचक वाटते आणि सौदा हातातून निसटल्यासारखा. यार्डात उभं राहिल्यावर आबांनाही वेळ तसाच जाणवतो.

तोडायची जागा शोधताना हालचालीचा आधार घ्या. हात पोत्याकडे निघाला की अर्ध्यातच तोडा आणि पुढच्या शॉटमध्ये तो हात हळकुंडावर पडू द्या, म्हणजे सांधा दिसत नाही. आणि पुढच्या जागेचा आवाज चित्राच्या आधी एखादा सेकंद येऊ द्या. आबा अजून धागा गुंडाळताहेत, पण बोलीचा पुकारा ऐकू यायला लागलाय, मग ते मान वर करतात, आणि तेव्हा कुठं सौदा दिसतो. एवढ्या एका युक्तीनं आमचा सिनेमा निम्मा सुधारला.

आवाज आणि संगीत

प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. कुणी बोलायचं नाही, फक्त पत्र्याखालचा घुमारा, चिमण्या, लांबचा हॉर्न. संकलनात दोन शॉटमध्ये आवाजाची फट पडली की हा तुकडा खाली पसरायचा. चित्रातली खोट लोक माफ करतात, आवाजातली करत नाहीत.

चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा टणक आवाज येतो, आणि दर ठरवणारा माणूस तो कानानंही ऐकत असतो. यार्डाच्या गलक्यात तो आमच्या हाती लागला नाही. म्हणून रात्री घरी, पंखा बंद करून, मोबाईल अगदी जवळ ठेवून आम्ही वीसेक हळकुंडं मोडली आणि एक आवाज निवडला. सिनेमावाले पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाज असेच मागाहून करून घेतात. त्या आवाजाआधी दोन सेकंद आम्ही बाकी सगळं बंद केलं. संगीतही नाही, गलकाही नाही. मग टक्.

संगीतासाठी सिनेमातलं गाणं उचलू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात साठ वर्षं चालतो. आणि तयार गाणं आपल्याबरोबर आपल्या जुन्या आठवणी घेऊन येतं, मग तुमचं दृश्य त्यांच्याखाली दबतं. आमच्या पहिल्या प्रयत्नात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बासरी होती. आबांनी दुःखी व्हायच्या आधीच ती दुःखी होऊन बसली होती.

दुसऱ्या वेळी आम्ही मिरजेला गेलो. सतार-तंबोऱ्यांसाठी गाजलेलं गाव, 2024 मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका कारागिराला विचारून आम्ही त्यांच्या कामाशेजारी मोबाईल ठेवून दिला. ते जवारी लावत होते. तारेखाली सुताचा दोरा घालायचा, केसभर पुढं-मागं सरकवायचा आणि तार छेडायची. दोरा जागेवर नसेल तोवर आवाज बोथट. बरोबर जागा सापडली की तीच तार एकदम उघडते आणि घुमत राहते. मी आणि भाच्यानं एकमेकांकडे बघितलं. वाट बघण्याचं संगीत आम्हाला सापडलं होतं.

ते बोथट छेडणं आम्ही फक्त तीन ठिकाणी वापरलं, मिळून वीसेक सेकंद: ट्रॉली रांगेत थांबते तेव्हा, धाग्याच्या शॉटखाली, आणि शेवटी. दर किती लागला ते सिनेमात ऐकू येत नाही. व्यापाऱ्याचे ओठ हलतात तिथंच आम्ही तोडलं. पुढं रिकामी जागा, सांडलेली हळद झाडून गोळा करणारा खराटा, आणि आबांची पाठ. चित्र काळं होतं, खराटा चालूच राहतो, तोही थांबतो, आणि मग तार लागते.