रिस्टोअर दाबण्याआधी तारीख बघा

बॅकअप घेताना सहसा काही बिघडत नाही, घात होतो तो रिस्टोअर करताना. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये रिस्टोअर म्हणजे आत्ताचा डेटा पुसून त्या जागी जुना बसवणं. पण स्क्रीनवर येतं काय, तर ‘तुम्हाला खात्री आहे का?’ एवढंच. कशाची खात्री, ते लिहिलेलंच नसतं आणि बोट सवयीने ‘हो’वर जातं.

सॉफ्टवेअर बनवत असाल तर कृपा करून सूचना अशी लिहा: ‘हा बॅकअप ३ मार्चचा आहे. त्यानंतरच्या २१२ नोंदी कायमच्या पुसल्या जातील.’ बटणावरही नुसतं ‘ओके’ नको, ‘आताचा डेटा पुसून जुना आणा’ असं स्पष्ट हवं. शिवाय पुसण्याआधी प्रोग्रॅमने आपणहून आताच्या डेटाची एक प्रत बाजूला काढून ठेवावी, म्हणजे चुकलंच तर मागे फिरता येतं.

अशी सोय नसेल तर हे काम स्वतः करा. रिस्टोअर करण्याआधी आहे त्या डेटाचा वेगळ्या नावाने बॅकअप घ्या. शक्य असेल तर आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून दोन-चार फाइली उघडून बघा. फाइलचं नाव ‘बॅकअप नवीन’ असलं तरी त्यावर विसंबू नका, आतली शेवटची नोंद कधीची आहे ते तपासा.