मॅटरहॉर्नची तयारी कोल्हापुरातून करताना

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर उंच आहे. त्याच्या चार धारांपैकी ईशान्येकडील हॉर्नली धार ही चढाईची नेहमीची वाट असून तिच्या पायथ्याचा मुक्काम ३,२६० मीटरवर आहे. म्हणजे एकाच दिवसात बाराशेहून अधिक मीटर चढायचे आणि त्याच वाटेने तेवढेच उतरायचे. आपल्याकडे तयारी म्हटली की सगळे लक्ष चढण्यावर जाते. १४ जुलै १८६५ रोजी हा माथा प्रथम गाठणाऱ्या सात जणांपैकी चौघे मात्र उतरताना, एकाचा पाय घसरून आणि पुढे दोर तुटून, मृत्युमुखी पडले.

म्हणून पन्हाळ्यावर किंवा पावनखिंडीच्या वाटेवर सराव करताना उतरणीला अधिक वेळ द्यावा. पाठीवर सात-आठ किलो वजन, पायांत तिथे नेणार तेच बूट, आणि सोप्या टप्प्यांवर दरीकडे तोंड करून उतरण्याची सवय हवी. बुटात अंगठा पुढे आपटत असेल, तर ते इथेच कळलेले बरे. धरायचा दगड आधी हाताने ठोकून पाहावा. आवाज पोकळ आला तर तो सोडावा. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे सांगायला नको, पण हॉर्नलीवरही सैल दगड भरपूर आहेत, आणि कातळाच्या भेगांतला बर्फ वितळू लागल्यापासून दरडींचा धोका वाढला आहे. हेल्मेटला पर्याय नाही.

रात्री घरी जाड हातमोजे घालून, दिवा बंद करून, कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी) उघडण्याचा आणि आठाची गाठ मारण्याचा सराव करावा. चढाई पहाटेच्या अंधारातच सुरू होते. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालण्यासाठी बुटांना बांधायचे काटे, वापरणे मात्र कोल्हापुरात शिकता येत नाही. त्यासाठी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करावा.

मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झेरमॅट या स्विस गावी पोहोचल्यावर लगेच धारेला भिडू नये. जवळच्याच रिफेलहॉर्न शिखरावर कातळाचा आणि ४,१६४ मीटरच्या ब्राइटहॉर्नवर विरळ हवेचा सराव करून, मगच स्थानिक गाइडसोबत निघावे. हॉर्नली धारेवरच ४,००३ मीटरवर असलेला सोल्वे निवारा केवळ आणीबाणीसाठी असल्याने तिथे रात्र काढण्याचा बेत आखू नये. तिथवर पोहोचायलाच गाइडने ठरवलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला असेल, तर माथा दिसत असला तरी तिथूनच परत फिरावे.